दारच्या राखणदाराची खाज

अंगणात बाज टाकून निजणाऱ्याला रात्रीचा एक आवाज चांगला ओळखीचा असतो. बाजेखाली कुत्रे अंग खाजवू लागले, की त्याचा मागचा पाय जमिनीवर आपटत राहतो. टप्-टप्-टप्. आपण झोपेतच "हाड्!" म्हणून ओरडतो. ते क्षणभर थांबते आणि पुन्हा सुरू करते. दोन-चार रात्री असे चालले, की घरातले कोणीतरी म्हणते, "अरे, याला काहीतरी लावा." आणि मग हाताशी जे असेल ते लावले जाते. ट्रॅक्टरचे जळके तेल, रॉकेल, डिझेल, फिनाईल, तंबाखूचे पाणी, नाहीतर गोठ्यातल्या फळीवरची फवारणीच्या औषधाची अर्धवट राहिलेली बाटली.

ही शेवटची चूक आमच्याच घरात झाली आहे, म्हणून ती आधी सांगतो.

आमची वस्ती मंठा तालुक्यात. शिवार कापसाचे, तुरीचे आणि आता बहुतेक सोयाबीनचे. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायचे, तर वस्तीवर कुत्रे हवेच. 2011 साली आमच्याकडे मोत्या होता. पावसाळा सरता सरता त्याला खाज सुटली. कमरेवरचे केस गेले, शेपटीच्या मुळाशी चावून चावून त्याने जखम केली. अण्णांना म्हणजे आमच्या वडिलांना त्याचा जीव बघवेना. कापसावर फवारणी झाल्यावर उरलेले औषध त्यांनी डब्यात कालवले आणि फडक्याने मोत्याच्या अंगाला चोळले. "किडे मरायचे औषध आहे, गोचिडी-पिसवा काय टिकतात?" हा त्यांचा हिशेब. तासाभरात मोत्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लागल्या. डोळ्यांतून पाणी, अंगाला थरथर, मग मागचे पाय लुळे. रात्रीची वेळ, वस्तीवर वाहन नाही. पहाटेच्या आत तो गेला. अण्णा त्यानंतर दोन दिवस जेवले नाहीत.

त्याला खाज कशाची होती, हे आम्हाला तेव्हा कळले नाही. आज विचार केला तर वाटते, साध्या पिसवा असाव्यात. ज्या दुखण्याने कुत्रे मरत नाही, त्याच्या उपायाने ते मेले.

शेतातले औषध अंगावर का चालत नाही

पिकावरच्या अनेक कीटकनाशकांचा परिणाम किडीच्या मज्जासंस्थेवर होतो. तीच संस्था कुत्र्याला आहे आणि आपल्यालाही आहे. हे विष पोटात जावे लागते असे नाही. ते कातडीतून आत शिरते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना कितीतरी शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, काही दगावले. ते कोणी औषध प्यायले नव्हते. अंगावर उडालेले, श्वासावाटे गेलेले औषध त्यांना भोवले. मग खाजवून खाजवून सोललेल्या कातडीवर तेच विष चोळले तर काय होईल? त्यात कुत्र्याची जातच चाटणारी. अंगाला लावलेले सगळे ते जिभेने पोटात घेते. आणि त्याच अंगाला संध्याकाळी आपली पोरे मिठी मारतात.

जळक्या तेलाबद्दल बोललो, की पुष्कळ मंडळी नाराज होतात. "आमच्या कुत्र्याची लूत जळक्या तेलानेच गेली," असे शपथेवर सांगणारे प्रत्येक गावात आहेत. ते खोटे बोलतात असे मी म्हणत नाही. तेलाच्या थराखाली काही किडे गुदमरत असतील, आणि काही खाज ऋतू बदलला की आपोआपही कमी होते. पण त्या तेलात इंजिनाच्या झिजेचे धातू आणि जळालेले पदार्थ असतात. कातडी भाजते, ते पोटात जाते, आणि उन्हात काळे तेल फासलेल्या कुत्र्याचे हाल बघवत नाहीत. रॉकेल-डिझेलचेही तेच. तंबाखूचे कडक पाणीसुद्धा विषच आहे, ते घरगुती आहे म्हणून निरुपद्रवी ठरत नाही.

आधी खाज ओळखा

खाज हा एक रोग नाही. तापासारखीच ती खूण आहे. कारण निराळे, तसा उपाय निराळा. थोडे निरखून पाहिले, तर आपल्यालाही बरेचसे ओळखता येते.

पिसवांची खाज बहुतेक कमरेवर, शेपटीच्या मुळाशी आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला असते. पिसू दिसेलच असे नाही, ती चपळ असते. यावर एक सोपी परीक्षा आहे. बारीक दातांची फणी कमरेवरून फिरवावी आणि निघालेली काळी कचकच ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकावी. दोन मिनिटांत काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरले, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचेच पचलेले रक्त. डाग पसरला नाही तर ती साधी माती. घरातल्या बायकांना ही परीक्षा एकदा दाखवली, की पुरुषांपेक्षा त्याच ती बिनचूक करतात.

गोचिडी डोळ्यांना दिसतात. कानाच्या आत, मानेवर, बोटांच्या बेचक्यात पाहावे. गोचीड नुसती खाज देत नाही, तिच्यामुळे रक्तात रोगही शिरतात. कुत्र्याने खाणे सोडले, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा नाकातून रक्त आले, तर हा खाजेचा नव्हे, गोचीडतापाचा मामला समजावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

लहान पिलांच्या डोळ्यांभोवती, तोंडाशी, पुढच्या पायांवर केस जाऊन टक्कल पडते, पण खाज फारशी नसते. हाही एक सूक्ष्म किडाच असतो. तो केसांच्या मुळाशी राहतो आणि पिलाला आईकडून पहिल्या काही दिवसांत मिळतो. तो माणसाला लागत नाही. गोल गोल चट्टे असतील तर गजकर्णाची शंका घ्यावी. ते मात्र पोरांनाही लागते आणि वासरांनाही.

आणि मग लूत. आपल्याकडे 'लुतरे कुत्रे' ही शिवीच आहे, इतका हा रोग जुना आणि ओळखीचा. तिची सुरुवात कानाच्या कडा, पायांचे कोपर, मागचे गुडघे आणि पोट या ठिकाणी होते. केस जातात, कातडी जाड होऊन सुरकुततात, वर राखी खपली धरते, अंगाला आंबूस वास येतो. खाज इतकी, की कुत्रे जेवण सोडून खाजवते. कानाची कड बोटांच्या चिमटीत धरून हळूच चोळावी. त्याच बाजूचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागला, तर लुतीची दाट शंका घ्यावी. डॉक्टर मंडळीसुद्धा ही खूण पाहतात.

लुतीचा किडा नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. मादी कातडीत बोगदा खणते आणि त्यात अंडी घालते. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारा किडा तयार व्हायला साधारण 3 आठवडे लागतात. माणसाच्या खरजेमागे असाच किडा आहे, हे इटलीतील बोनोमो नावाच्या वैद्याने 1687 साली सूक्ष्मदर्शकातून पाहून लिहून ठेवले. रोगाचे कारण म्हणून एखादा सूक्ष्म जीव डोळ्यांनी दाखवून दिल्याची ती फार सुरुवातीची गोष्ट. त्यावर विश्वास बसायला मात्र लोकांना दीड-दोनशे वर्षे लागली. तेव्हा आपल्या गावात कोणी ऐकत नसेल, तर फार मनाला लावून घेऊ नये.

चंपीची लूत

मोत्यानंतर बरीच वर्षे आम्ही कुत्रे पाळले नाही. मग रानडुकरांनी तुरीचे वाटोळे केले आणि एक पिलू आणले. ती चंपी. 2023 च्या थंडीत तिच्या कानाच्या कडा पांढऱ्या पडू लागल्या. पंधरा दिवसांत कोपर उघडे पडले. त्याच सुमारास आमच्या मंडळींच्या हातांवर आणि धाकट्या मुलाच्या पोटावर बारीक लाल पुरळ उठले. मुलगा चंपीला मांडीवर घेऊन अभ्यासाला बसायचा.

या वेळी अण्णांनीच सांगितले, "काही बी लावू नका. आधी डॉक्टरला दाखवा." मोटारसायकलवर, मध्ये गोणपाट धरून, आम्ही तिला तालुक्याला नेली. डॉक्टरांनी बोथट पात्याने कोपराजवळची कातडी खरवडली, पार रक्ताचा पाझर येईपर्यंत. ती कचकच काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पहिल्या पट्टीत काही सापडले नाही. दुसरीतही नाही. मी म्हटले, मग लूत नसेल. ते हसले. लुतीचे किडे खोल आणि थोडे असतात, निम्म्याहून अधिक वेळा ते हाती लागतच नाहीत, असे त्यांनी समजावले. कानाची खूण आणि घरातल्या माणसांचे पुरळ यांवरून त्यांनी उपचार ठरवला.

पुरळाबद्दल आमच्या मंडळी घाबरल्या होत्या. त्यांना सांगण्यात आले ते तुम्हीही लक्षात ठेवा. कुत्र्याच्या लुतीचा किडा माणसाच्या अंगावर चावतो, खाज देतो, पण तिथे त्याचा संसार होत नाही. कुत्रे बरे झाले, की माणसाचे पुरळ काही आठवड्यांत आपोआप जाते. मात्र खाज बोटांच्या बेचक्यांत असेल, रात्री वाढत असेल आणि घरातल्या एकेकाला लागत असेल, तर ती माणसांची खरूज. तिचा दोष कुत्र्याला देऊ नये. सरकारी दवाखान्यात जाऊन साऱ्या घराने एकाच वेळी औषध लावावे.

चंपीला आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन दिले. या औषधाची कुळकथा शेतकऱ्याला आवडावी अशी आहे. जपानमध्ये सातोशी ओमुरा हे संशोधक ठिकठिकाणची माती पिशवीत भरून आणत. इतो या गावाजवळच्या मातीत त्यांना एक सूक्ष्म जीव सापडला आणि त्याच्यापासून हे औषध निघाले. जनावरांसाठी ते 1981 पासून वापरात आले. ओमुरा आणि अमेरिकेतील विल्यम कॅम्पबेल यांना 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण औषध चांगले म्हणून ते आपल्या हाताने टोचायचे नाही. दुकानात गाई-म्हशींसाठी मिळणाऱ्या बाटलीचे प्रमाण 50 किलो वजनाला 1 मिली असते. आपले गावठी कुत्रे भरते 15 किलो. अंदाजाने सुई भरली, तर दोन-तीन मिली जायला वेळ लागत नाही, आणि मग कुत्रे झिंगते, आंधळे होते, बेशुद्ध पडते. कॉली जातीच्या मेंढवाड्याच्या विलायती कुत्र्यांना तर हे औषध थोडेही सोसत नाही. कोणी शहरातून तसल्या रक्ताचे पिलू आणले असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगावे.

पहिल्या सुईनंतर तीन दिवस चंपी अधिकच खाजवत होती. मरणारे किडे जाता जाता खाज वाढवतात. तिथे धीर सोडू नये. पंधरा-पंधरा दिवसांनी तीन सुया झाल्या, कोपरांवर लव आली, आम्ही निश्चिंत झालो. आणि महिन्याभराने कानाच्या कडा पुन्हा पांढऱ्या!

चूक आमचीच होती. चंपीचे गोणपाट तेच होते, आणि शेजारच्या वस्तीवरचा काळ्या रोज संध्याकाळी तिच्या ताटलीतले उष्टे खायला येत होता. त्याचेही कोपर उघडे होते, आम्ही बघून न बघितल्यासारखे केले होते. "दुसऱ्याच्या कुत्र्याला औषध आपण का द्यावे?" हा प्रश्न मलाही पडला. पण त्याला औषध न देणे आम्हाला जास्त महागात पडले. या वेळी डॉक्टरांनी फ्लुरालेनरची गोळी लिहून दिली. ही नव्या जातीची औषधे कुत्र्याच्या वजनाप्रमाणे मिळतात, काही महिनाभर तर काही तीन महिने चालतात, आणि गोचिडी, पिसवा, लूत या तिन्हींवर लागू पडतात. किंमत जड वाटते खरी. आकडी येणाऱ्या कुत्र्याला ती देताना डॉक्टर फार विचार करतात. काळ्याच्या मालकाने अर्धे पैसे दिले. उरलेले मागायला मी गेलो नाही.

कुत्र्याइतकीच त्याची जागा

हे काम बहुधा घरच्या बाईच्या वाट्याला येते, म्हणून सगळ्या घराने ऐकावे. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा पिसवांच्या गोतावळ्यातला लहानसा भाग. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालते. ती अंगावरून घरंगळून जमिनीच्या भेगांत, गोणपाटात, बाजेखालच्या धुळीत पडतात. कोशातली पिसू तर कित्येक महिने वाट बघत बसू शकते. कुत्र्याची गोचीड भिंतीवर चढून सांदीत जाते आणि एकेक मादी तीन-चार हजारांपर्यंत अंडी घालते. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या मातीच्या भिंती म्हणजे त्यांना आयती माडीच.

म्हणून गोणपाट जाळून टाकावे, नाहीतर उकळत्या पाण्यात बुडवून चांगले दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकावे. जागा खरवडून झाडावी आणि केर जाळावा. भिंतीच्या भेगा लिंपाव्यात, वर चुना मारावा. हे एकदा करून भागत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा, त्यानंतर आणखी एकदा. अंड्यातून निघणारी पुढची पिढी तेव्हाच हाती लागते. उपटलेली गोचीड बोटांनी चिरडू नये, साबणाच्या पाण्यात टाकावी.

उन्हाळ्यात आपल्या भागात पिण्याच्या पाण्याची मारामार, तिथे कुत्र्याला आंघोळ कुठून, असे कोणी विचारील. बरोबर आहे. पण एक बादली पंधरा दिवसांतून पुरते. कपड्याचा साबण किंवा पावडर वापरू नये, कातडी कोरडी पडून खाज वाढते. औषधी शाम्पू दिला असेल, तर फेस दहा मिनिटे अंगावर ठेवावा. बहुतेक लोक लगेच धुऊन टाकतात आणि औषधाला नावे ठेवतात. कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने खाजेला थंडावा मिळतो. त्याने लूत जाते असे मात्र मानू नये. गंधकाचे मलम हा जुना उपाय खरोखरच गुणाचा आहे, पण तो औषधाच्या दुकानातला. द्राक्षावर-भाजीवर मारायचा गंधक आणून खोबरेलात कालवू नये.

खाण्याचेही बघावे. नुसत्या शिळ्या भाकरीवर आणि ताकावर कुत्र्याच्या अंगी मांस धरत नाही, मग कातडी कुठून सुधारणार? आठवड्यातून दोन-तीनदा अंडे, थोडी शिजवलेली डाळ, वर चमचाभर जवसाचे तेल. जंताचे औषध वेळेवर. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नावाने भरीत-रोडग्याचा घास कुत्र्याला घालण्याची रीत आहे, ती जरूर पाळावी. फक्त भरितात कांद्याची पात असते आणि कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, तेव्हा भरीत नखभर आणि रोडगा पोटभर, एवढे करावे.

सगळे करूनही खाज हटली नाही, तर तिची कारणे आणखी असतात. पिसवांच्या एका चाव्यानेही कित्येक दिवस खाजवणारी कुत्री असतात. एखाद्याला ठरावीक अन्न सोसत नाही, एखाद्याच्या कानात पू असतो. आमच्याकडून जिंतूरमार्गे परभणीला गेले, की पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते 1972 सालचे. अवघड जनावरे तिथे नेता येतात.

हे तातडीचे

दोन प्रसंगी मात्र थांबू नये. कुत्रे एकाएकी एकाच जागी वेड्यासारखे चावू लागले, लाळ गळू लागली, आवाज बदलला, ओळखीच्या माणसावर धावले, तर त्याला खाज समजून जवळ जाऊ नये. पिसाळलेले कुत्रे जुन्या चाव्याच्या जागी असेच कुरतडते. तोंडात हात घालू नये, मुलांना लांब ठेवावे. चावा किंवा ओरखडा बसलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद-चटणी भरू नये.

दुसरा प्रसंग आमच्या मोत्याचा. कोणी चुकून फवारणीचे औषध कुत्र्याला चोळलेच, तर लाळ गळायची वाट पाहत बसू नये. हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घालून साबणाच्या भरपूर पाण्याने त्याचे अंग दोन-तीनदा धुवावे. चाटू नये म्हणून तोंड सैल बांधावे, पण ओकारी किंवा धाप असेल तर बांधू नये. दूध, तूप, तेल काही पाजू नये. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी 1962 हा फोन क्रमांक आहे, तो लावावा आणि वाट न पाहता वाहन शोधावे. काही विषांवर अॅट्रोपिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर जनावर वाचते. ते कोणाला द्यायचे, हे डॉक्टर बाटलीवरचे नाव वाचून ठरवतात. म्हणून लाजेपोटी बाटली फेकून देऊ नका. ती जशीच्या तशी पिशवीत घालून बरोबर न्या.